एकलव्याचा अंगठा आणि आमची मुले



डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातील शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. वर्गातील बाके भिंतीला लावून तालमी चालतात, मुलींच्या नाचाच्या कवायती होतात, आणि कोणी हौशी गुरुजी एखादे पौराणिक नाटुकले बसवावयास घेतात. गुरू व शिष्य यांच्या नात्याचा आदर्श म्हणून जे कथानक अशा वेळी हमखास निवडले जाते ते द्रोणाचार्य व एकलव्य यांचे. पात्रे थोडी लागतात, धनुष्यबाण बांबूचे होतात, आणि शेवटी अंगठा कापून देण्याचा प्रसंग आला की लाल रंगात बुडविलेला कापूस दाखवून टाळ्या मिळविता येतात. मग पात्रांचे वाटप होते. द्रोणाचार्यांसाठी गोरा, भारदस्त मुलगा शोधतात, अर्जुनासाठी देखणा, आणि एकलव्यासाठी काळासावळा, काटक व पाठांतराचा पक्का. हा शेवटचा मुलगा तुमच्या वस्तीतला निघाला तर त्यात नवल मानू नका.

मुलगा धावत घरी येतो. नाटकातले मुख्य काम त्याला मिळालेले असते. तुम्ही वर्षा-दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेली असते. देव्हारा काढून तेथे तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवलेली असते. आजवर ज्या शाळेने आपल्या पोराकडे ढुंकून पाहिले नाही तिने त्याला रंगमंचावर उभे केले, याचा तुम्हाला अभिमान वाटतो, आणि आई त्याच्यासाठी जुन्या लुगड्याचे वल्कल शिवावयास बसते. माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे की, सुई हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा : आपल्या मुलाला या नाटकात काय करावयास सांगितले आहे? त्याने भर सभेत, आपल्या हाताने, आपला अंगठा कापून ज्याने आपल्याला शिकविण्याचे नाकारले त्याच्या पायाशी ठेवावयाचा आहे. आणि तो ठेवताना त्याच्या मुखावर आनंद दिसला पाहिजे, असे गुरुजींनी तालमीत बजावलेले आहे.

नाटकाची शक्ती

'नाटकच ते! एवढे काय मनावर घ्यावयाचे?' असे काही जण म्हणतील. जे असे म्हणतात त्यांना नाटकाची शक्ती ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते ती लपवीत आहेत. पुस्तकातला धडा मूल एकदा वाचते व परीक्षा संपली की विसरते. नाटकातले वाक्य ते महिनाभर रोज उच्चारते. ते वाक्य त्याच्या जिभेवर बसते, त्याच्या अंगात मुरते. वाकावे कसे, हात कसे जोडावे, नजर कोठे ठेवावी हे त्याचे शरीर शिकते. आणि समोर बसलेली सहाशे मुले पाहतात की, अन्याय करणारा सिंहासनावर बसला आहे, अन्याय सोसणारा गुडघ्यांवर आहे, आणि त्या सोसण्याला हेडमास्तरांपासून पाहुण्यांपर्यंत सर्व टाळ्या वाजवीत आहेत. हजार वर्षे मनुस्मृती न वाचताही ती आमच्या बापजाद्यांच्या पाठीच्या कण्यात उतरली होती, ती अशाच कथा-कीर्तनांतून व सोंगांतून. आपण ग्रंथ नाकारला, पण त्याचे सोंग घरात राहू दिले, तर आपण काय नाकारले?

महात्मा जोतीराव फुले यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढे अवघ्या सात वर्षांत, १८५५ साली, त्यांनी नाटक लिहिले. त्याचे नाव 'तृतीय रत्न'. एक अडाणी शेतकरी दांपत्य, त्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि मध्ये मध्ये येऊन जोशाच्या लबाडीची साल काढणारा विदूषक अशी त्यात पात्रे आहेत. शेवटी ते नवरा-बायको काय करतात? कोणाच्या पायावर लोळण घेत नाहीत, कोणाला शापही देत नाहीत. ती दोघे शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. तेथील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी स्वतः 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. पुढे शंभरांहून अधिक वर्षे ते छापूनही निघाले नाही. १९७९ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले. ज्या नाटकात शूद्र शिष्य शाळेत शिरतो ते नाटक कपाटात पडते, आणि ज्या नाटकात शिष्य अंगठा देतो ते दरवर्षी रंगते, हा योगायोग समजणारे भोळे लोक आपल्यात नसावेत.

द्रोणाचार्यांचा दावा तपासू या

आता कथानकच तपासू. महाभारताच्या आदिपर्वातील हकीकत अशी आहे : एकलव्य हा निषादराज हिरण्यधनू याचा मुलगा. तो धनुर्विद्या शिकण्यासाठी द्रोणांकडे गेला. तो निषादाचा मुलगा म्हणून द्रोणांनी त्याला शिष्य करून घेतले नाही. त्याने अरण्यात जाऊन द्रोणांची मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर स्वतःच अभ्यास केला. पांडवांचा कुत्रा त्याच्याकडे पाहून भुंकू लागला तेव्हा त्याने एकापाठोपाठ सात बाण मारून त्याचे तोंड बंद केले. अर्जुनाने द्रोणांना त्यांच्या वचनाची आठवण दिली की, तुझ्याहून श्रेष्ठ शिष्य मला असणार नाही, असे आपण म्हणाला होता. तेव्हा द्रोण अरण्यात गेले व त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला. एकलव्याने तो दिला. मग अर्जुनाची चिंता मिटली.

ही हकीकत मी न्यायालयात उभी करतो. दावेदार द्रोण; मागणी दक्षिणेची. पहिला प्रश्न : दक्षिणा कशाबद्दल? भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या २५ व्या कलमाप्रमाणे प्रतिफलाशिवाय झालेला करार, काही ठरावीक अपवाद वगळता, रद्दबातल असतो. द्रोणांनी एकलव्याला एक दिवस शिकविले नाही, एक बाण दिला नाही, आपल्या अंगणात उभेही केले नाही. त्या कलमात एक अपवाद असा आहे की, ज्याने पूर्वी स्वखुशीने आपल्यासाठी काही केले असेल त्याला भरपाई देण्याचे वचन चालते. पण द्रोणांनी पूर्वी केले ते एवढेच की, दार बंद केले. दुसरा प्रश्न : संमती मुक्त होती काय? १६ व्या कलमाप्रमाणे, ज्याची दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालते त्याने त्या स्थानाचा उपयोग करून गैरवाजवी लाभ मिळविला तर त्यास अनुचित दडपण म्हणतात. गुरू व त्याच्यावर देवासारखी श्रद्धा ठेवणारा मुलगा यांच्याहून या कलमाचे चांगले उदाहरण मला दाखवावे. तिसरा प्रश्न : लाभ कोणाचा? अंगठा द्रोणांना नको होता. अंगठ्याने त्यांचे पोट भरणार नव्हते. लाभ होता तो राजवाड्यातील पगारी शिक्षकाच्या लाडक्या विद्यार्थ्याचा, ज्याला स्पर्धाच नको होती. प्रतिफल नाही, मुक्त संमती नाही, हेतू दूषित! असा दावा तालुक्याच्या कोर्टातही पहिल्या तारखेला उडाला असता. आणि हाच दावा आमच्या शाळांतून दरवर्षी 'गुरुभक्ती' या शीर्षकाखाली मंजूर होतो!

सरकार-दरबारी काय चालते तेही पाहा. खेळाडूंच्या उत्तम प्रशिक्षकांना भारत सरकार १९८५ सालापासून जो पुरस्कार देते त्याचे नाव 'द्रोणाचार्य'. आदिवासी मुलांसाठी सरकार ज्या निवासी शाळा चालविते त्यांचे नाव 'एकलव्य'. २०१६ साली हरियाणा सरकारने गुडगाव या शहराचे नाव बदलून 'गुरुग्राम' केले, कारण ते गाव द्रोणांचे, अशी समजूत आहे. म्हणजे शिक्षकाला नाव द्रोणाचे, आदिवासी विद्यार्थ्याला नाव एकलव्याचे! नावे ठेवणाऱ्यांनी गोष्ट शेवटपर्यंत वाचली होती की नाही, हे त्यांचे त्यांना ठाऊक. आम्ही मात्र ती वाचली आहे.

आक्षेप व त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा घेतात की, या गोष्टीत मोठेपणा एकलव्याचाच दाखविलेला आहे; मग तुम्हाला राग का? होय, एकलव्याचा मोठेपणा आम्हीही मानतो. आदिवासी बांधवांना तो आपला वाटतो आणि आमच्या लेखक-कवींनीही त्याला जवळचा मानले आहे. पण त्याचा मोठेपणा कशात होता? गुरू नसताना विद्या मिळविण्यात होता. नाटकात टाळ्या मात्र विद्या मिळविण्याला पडत नाहीत, ती गमावण्याला पडतात. ज्या क्षणी तो सामर्थ्यवान आहे तो क्षण कुत्र्याच्या भुंकण्यात उरकला जातो, आणि ज्या क्षणी तो पंगू होतो त्या क्षणावर पडदा पडतो. हे मोठेपण बळीच्या बकऱ्याच्या गळ्यातील माळेसारखे आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल पाहा. बाप ठाऊक नसलेल्या दासीपुत्राला हारिद्रुमत गौतमाने शिष्य करून घेतलेच ना? घेतले, परंतु का घेतले ते सांगताना हे विद्वान अडखळतात. मुलाने खरे सांगितले तेव्हा गौतम म्हणाला की, जो ब्राह्मण नाही तो असे बोलू शकणार नाही. म्हणजे सत्यालाही जात लावली, आणि मुलाला ब्राह्मण ठरवूनच आत घेतले. दार उघडले नाही. दारातून जाण्यापुरता मुलगा बदलून घेतला. सत्यकामाची ही कथा औदार्याची म्हणून सांगणाऱ्यांनी एवढे सांगावे की, तोच मुलगा खरे बोलला असता आणि गौतमाला निषाद वाटला असता, तर काय झाले असते?

तिसरा आक्षेप असा की, हे सर्व पुराणकाळचे. आज कोण अंगठा मागतो? आज कोयता कोणी मागत नाही हे खरे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ साली आला. शिक्षकांकडून आपल्याला इतरांइतके साहाय्य मिळत नाही, आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेत आपल्याला वेगळी वागणूक मिळते, असे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले. लेखी परीक्षेत नाव झाकता येते. तोंडी परीक्षेत द्रोण समोर बसलेला असतो. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले, त्याचे विद्यावेतन थांबले, आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्या तरुणाने प्राण दिले. जो समाज मुलांना बालपणी अंगठा देण्याच्या नाटकात टाळ्या वाजवावयास शिकवितो त्याला मोठेपणी अशा बातम्यांनी झोप उडत नाही. नाटक व बातमी यांमधील हा धागा मी ओढून-ताणून जोडीत नाही; तो तुमच्या-माझ्या घरांतून गेलेला आहे.

आपला आचार्य कोण?

आपण बौद्ध झालो म्हणजे केवळ देवांची नावे बदलली नाहीत. गुरू-शिष्याचे नातेच बदलले. याचे पुरावे आपल्याच वाङ्मयात आहेत आणि ते प्रत्येक घरात मुलांना सांगितले गेले पाहिजेत.

अंगुलिमालाची कथा तुम्ही ऐकली आहे. तो दरोडेखोर कसा झाला, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. अट्ठकथेत ती हकीकत दिली आहे. त्याचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेला तो आचार्याचा सर्वांत हुशार शिष्य होता. सहाध्यायांनी मत्सराने आचार्याचे कान भरले. आचार्याने त्याचा नाश करण्यासाठी गुरुदक्षिणा मागितली ती हजार माणसांच्या बोटांची! ताडून पाहा : तेथे हुशार शिष्य, येथेही हुशार शिष्य, तेथे मत्सरी सहाध्यायी, येथेही, तेथे दक्षिणेत अंगठा, येथे दक्षिणेत बोटे. पण एका परंपरेने अशी दक्षिणा मागणाऱ्याला आदर्श गुरू ठरविले. दुसऱ्या परंपरेने दाखवून दिले की, अशा गुरूच्या आज्ञेत राहिलेला शिष्य खुनी होतो. आणि त्याला त्या आज्ञेतून सोडवावयास तथागत एकटे अरण्यात चालत गेले. आंधळी गुरुभक्ती हा सद्गुण नव्हे, हे आपल्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान आनंदाला सांगतात की, मी धम्म शिकविताना आतला-बाहेरचा असा भेद केला नाही. आचार्याची झाकलेली मूठ तथागतापाशी नाही. द्रोणाची सारी विद्या झाकल्या मुठीची होती. सिगालोवाद सुत्तात तर गुरू व शिष्य यांची कर्तव्ये समोरासमोर मांडली आहेत. शिष्याने आचार्याचा आदर करावा, सेवा करावी, मन लावून शिकावे. आणि आचार्याने शिष्याला चांगले वळण लावावे, शिकविलेले नीट ग्रहण होईल असे करावे, आपली विद्या राखून न ठेवता द्यावी, मित्र-परिवारात त्याची योग्यता सांगावी, आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे. पाच शिष्याची व पाच आचार्याची! माझ्या वकिली डोळ्यांना यात एक पूर्ण करार दिसतो. दोन्ही पक्ष बांधलेले, दोन्ही पक्षांना प्रतिफल. ज्या आचार्याने आपली पाच पाळली नाहीत त्याला शिष्याची पाच मागण्याचा अधिकार कोठून येणार?

मग नाटक कोणते करावे?

'हे नको, ते नको' एवढ्यावर थांबणारा समाज मुलांना रिकामा रंगमंच देतो, आणि रिकाम्या रंगमंचावर जुनी सोंगे परत येतात. शाळा, विद्यार्थी व शिक्षक यांचे खरे नाटक आपल्या इतिहासात ठायी ठायी पडले आहे. ते लिहिण्याची कल्पनाशक्ती लागत नाही, धैर्य लागते.

पहिला प्रवेश धारवाडचा. १८५६ साली तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलगा गप्प बसला नाही, त्याने मूर्ती करून पूजा मांडली नाही. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर दिले त्याचा आशय असा की, न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, परंतु एका व्यक्तीसाठी पिढ्यान्पिढ्यांच्या समजुतींत हात घालणे बरे नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला जे निवेदन दिले त्यात हे प्रकरण नोंदलेले आहे. त्या मुलाचे नाव आमच्या एकाही मुलाला ठाऊक नाही, पण हातात अर्ज घेतलेला तो मुलगा रंगमंचावर उभा करा आणि पाहा, बघणाऱ्याची मान खाली जाते की ताठ होते!

दुसरा प्रवेश पुण्याचा. जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता ही मांग जातीची चौदा वर्षांची विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. तीन वर्षे शिकलेली मुलगी धर्मशास्त्राला उभे-आडवे प्रश्न विचारते! एकलव्याने अंगठा दिला. मुक्तेने त्याच अंगठ्याच्या आधाराने लेखणी धरली. आपल्या मुलींसाठी याहून मोठी भूमिका मला ठाऊक नाही.

तिसरा प्रवेश साताऱ्याचा. भीमराव नावाचा मुलगा वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसतो. ते गोणपाट शाळेचा गडी शिवत नाही म्हणून रोज घरी नेतो व आणतो. तहान लागली तर शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहिले आहे. आणि चौथा प्रवेश मुंबईचा. तोच मुलगा १९०७ साली मॅट्रिक होतो, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवतात. द्रोणाने मुलाकडून घेतले. केळुसकर गुरुजींनी मुलाला दिले. त्या एका पुस्तकापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतचा रस्ता निघाला, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

आपल्या रंगभूमीची परंपराही लहान नाही. सत्यशोधकी जलसे झाले, भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. ते लिहिणारे स्वतः तेथे प्राचार्य आणि भूमिका करणारे विद्यार्थी. गुरू-शिष्यांनी मिळून नाटक कसे करावे याचा हा वस्तुपाठ आहे. पुढे दत्ता भगत यांनी 'वाटा-पळवाटा'त दलित प्राध्यापक सतीश, उतावीळ तरुण अर्जुन आणि बाबासाहेबांच्या काळातील काका यांना एका घरात आणून आपल्याच चळवळीचे प्रश्न आपल्यापुढे ठेवले. धंदेवाईक रंगभूमीवर १९६६ साली वसंत कानेटकरांचे 'अश्रूंची झाली फुले' आले व प्राध्यापक विद्यानंद आणि लाल्या ही गुरू-शिष्यांची जोडी घरोघर पोचली. त्यात शिक्षणसंस्थेतील भ्रष्टाचाराशी झुंज होती. ते नाटक त्यांनी लिहिले, ठीकच केले. कोपऱ्यातील गोणपाटाचे नाटक मात्र दुसरा कोणी लिहून देईल, या आशेवर आपण बसू नये.

येथे आपल्या घरचीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जयंतीच्या मांडवात आपण जी नाटुकली करतो त्यांत लहानगा भीमराव पहिल्यापासून शेवटपर्यंत रडतो आणि शिक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत छडी उगारतो. प्रेक्षकही रडतात व घरी जातात. रडण्याने अपमानाची आठवण राहते, पण मार्ग सापडत नाही. आणि सर्वच शिक्षक दुष्ट दाखविले तर ती खोटी साक्ष होते. केळुसकर गुरुजींना वगळणे हाही अन्यायच. खरे सांगा, खरे पुरेसे तीक्ष्ण आहे.

कायदा काय म्हणतो?

आता व्यवहाराकडे येतो, कारण तुमच्यापुढे उद्या सकाळचा प्रश्न आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की, एकलव्याचे नाटक करू नये असा कायदा नाही, आणि असावा असेही मी म्हणणार नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेले भाषण-अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य जसे आपले तसेच त्यांचे. १९८७-८८ साली बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मधील राम-कृष्णांवरील भाग गाळावा अशी मागणी झाली तेव्हा आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. ज्यांनी तेव्हा पुस्तक वाचविले त्यांनी आज नाटकावर बंदी मागू नये; ती तलवार दुसऱ्या दिवशी आपल्याच मानेवर येईल. पण नाटक करण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे, म्हणून त्यात आपले मूल देण्याची सक्ती आपल्यावर नाही. भूमिका नाकारणे हा सभ्य व साधा हक्क आहे.

पूजेचा प्रश्न वेगळा, आणि तेथे संविधान अधिक स्पष्ट आहे. पडदा वर जाण्यापूर्वी नटराजाची वा सरस्वतीची पूजा होते, नारळ फुटतो, आणि भूमिका करणाऱ्या मुलांना रांगेने नमस्कार करावयास लावतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशांची उपासना न करण्याची आहे. ती तुम्ही उच्चारली आहे. संविधानाचा २८ वा अनुच्छेद, खंड ३, सांगतो की, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शैक्षणिक संस्थेत कोणाही व्यक्तीला तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय, आणि ती अज्ञान असेल तर तिच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात भाग घ्यावयास किंवा धार्मिक उपासनेस हजर राहावयास भाग पाडता येणार नाही. शब्द नीट वाचा. पालकाने हरकत घेतली पाहिजे असे तेथे लिहिलेले नाही. पालकाने संमती दिलेली असली पाहिजे असे लिहिले आहे. तुमचे मौन म्हणजे संमती नव्हे. आणि जी शाळा संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालते तेथे तर, याच अनुच्छेदाच्या पहिल्या खंडाप्रमाणे, धार्मिक शिक्षणच देता येत नाही.

मुलगा पूजेत हात न जोडता शांत उभा राहिला तर त्याला शिक्षा करता येईल काय? १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे केरळमधील तीन भावंडे होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेप्रमाणे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते. न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आपण राष्ट्रगीत अभिमानाने गातो, आणि गात राहू. परंतु आदराने उभे राहिलेल्या मुलाच्या सद्सद्विवेकावर छडी चालत नाही, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. शिवाय बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या अधिनियमाचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही बंदी करते.

'बौद्ध आहो असे लेखी कळविले तर पोराची शिष्यवृत्ती जाईल,' अशी भीती काही घरांत अजून कुजबुजली जाते. ती टाकून द्या. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही त्यात समावेश झाला आहे. ज्या भीतीने तुम्ही धर्म लपविता तिला कायद्यात जागा उरलेली नाही.

म्हणून असे करा. शाळेत भांडावयास जाऊ नका. अर्ज घेऊन जा, धारवाडच्या त्या मुलासारखे. एका कागदावर दोन परिच्छेद लिहा. पहिल्यात : आमचे कुटुंब बौद्ध आहे, संविधानाच्या अनुच्छेद २८(३) अन्वये आमच्या पाल्याने धार्मिक पूजेत भाग घेण्यास आमची संमती नाही. दुसऱ्यात : आमच्या पाल्याला नाटकाची आवड आहे, तरी त्याला दुसरी भूमिका द्यावी, किंवा महात्मा फुले यांच्या शाळेवर आधारलेला एक प्रवेश बसवावा; संहिता आम्ही आणून देऊ. पोच घ्या, प्रत जपून ठेवा. आणि ती संहिता खरोखरच लिहा. वस्तीत बुद्धविहार आहे, शिकलेली मुले आहेत, एखादे निवृत्त गुरुजी आहेत. चार रविवार बसा. शाळेने नाटक घेतले तर उत्तम. न घेतले तर विहाराच्या ओट्यावर करा, आणि त्याच शाळेच्या गुरुजींना पहिल्या रांगेत बसण्याचे आमंत्रण द्या. त्यांतले एक-दोन येतील. जे येतील ते केळुसकरांच्या कुळातले समजा.

आणि मुलाला कारण सांगितल्याशिवाय भूमिका काढून घेऊ नका. नाही तर त्याच्या दृष्टीने अंगठा मागणारे दुसरे द्रोण तुम्हीच व्हाल. त्याला जवळ बसवा, सारी गोष्ट शेवटपर्यंत सांगा, आणि त्यालाच विचारा की, त्या जागी तू असतास तर गुरुजींना काय उत्तर दिले असतेस? तो जे उत्तर देईल ते लिहून ठेवा. आपल्या नव्या नाटकाचे पहिले वाक्य तेच असेल.

अंगठा हा देण्यासाठी नाही. ज्यांच्या आज्यांनी निरक्षर म्हणून सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला त्यांच्या नातवंडांच्या हाती आज लेखणी आली आहे, आणि लेखणी धरण्यास अंगठा लागतो.

जय भीम!